रायतूरच्या टेकडीवरचा छापखाना
(मंडळाच्या लंडन येथील मेळाव्यातील भाषण, संपादित)

नमस्कार मंडळी.

माझं माहेर गोव्यातल्या सासष्टीतलं, मडगावजवळचं. तिथून थोड्याच अंतरावर रायतूर, म्हणजे कागदोपत्रीचं राचोल. जुन्या किल्ल्याचा दरवाजा अजून उभा आहे. त्याच्या कमानीतून गाडी आत शिरते आणि टेकडीवर पांढरीशुभ्र, जाड भिंतींची सेमिनारी, म्हणजे ख्रिस्ती पाद्री घडवणारी शाळा, दिसते. आत लांबलचक ओवऱ्या, भिंतींवर जुनी चित्रं. खाली झुआरी नदी.

इथं आधी जेझुइटांचं, म्हणजे एका ख्रिस्ती पंथातल्या पाद्र्यांचं, कॉलेज होतं; ते मूळचं मडगावातलं. आदिलशाही फौजांच्या हल्ल्यांनंतर ते किल्ल्याच्या आडोशाला आलं. आजच्या इमारतीचा पाया १ नोव्हेंबर १६०६ रोजी घातला आणि १६१० मध्ये काम पुरं झालं. जेझुइटांना १७५९ मध्ये गोव्यातून घालवलं, त्यानंतर इथं धर्मप्रांताची सेमिनारी आली. ती आजही चालू आहे.

पण मला बोलायचंय ते १६१६ सालाबद्दल. त्या वर्षी फादर थॉमस स्टीफन्स यांचं ‘क्रिस्तपुराण’ रायतूरला छापलं गेलं. सुमारे अकरा हजार ओव्या, आणि त्या मराठीत! हा माणूस मूळचा इंग्लंडचा. १५७९ मध्ये गोव्यात उतरला आणि चाळीसेक वर्षं तिथंच राहिला. बाटलेल्या लोकांची जुनी पुराणं बंद झाली होती, त्यांच्या जागी काहीतरी हवं होतं. ते त्यानं त्यांच्याच छंदात, त्यांच्याच शब्दांत दिलं. लिहिताना मराठीला त्यानं रत्नांतला हिरा म्हटलं. माझी आजी जात्यावर ओव्या म्हणायची. क्रिस्तपुराण मोठ्यानं वाचलं की मला तोच ओळखीचा ओघ ऐकू येतो.

या अभिमानाला एक सल आहे आणि तो लपवायला मला आवडत नाही. त्याआधी पन्नास वर्षं सासष्टीतली देवळं पाडली गेली होती. लोकांनी रातोरात देव नदीपार नेले. कुठ्ठाळीचा मंगेश प्रियोळला, केळशीची शांतादुर्गा कवळ्याला, मडगावचा दामोदर जांबावलीला गेला. पुढे १६८४ मध्ये तर स्थानिक भाषेवरच बंदीचा हुकूम निघाला. ज्या सत्तेच्या सावलीत मराठी छापली गेली, तिनंच हेही केलं. मी माझ्या मुलांना दोन्ही गोष्टी एकत्रच सांगते.

आणखी एक. रायतूरला देवनागरीचे छपाईचे खिळे (टाइप) नव्हते, म्हणून त्या ओव्या रोमन अक्षरांत छापल्या. आपली इथली मुलं फोनवर ‘आजी कशी आहेस’ रोमनमध्ये लिहितात, तेव्हा आपण किती कुरकुरतो! मी आता कुरकुरत नाही. मुलीनं लिहिलेलं मोठ्यानं वाचून घेते आणि मग तेच देवनागरीत लिहायला बसवते.

१६१६, १६४९ आणि १६५४ अशा तीन आवृत्त्या निघाल्या, पण त्यांची एकही छापील प्रत आज ज्ञात नाही. राहिल्या त्या हस्तलिखित पोथ्या. त्यांतली एक देवनागरीतली, आणि ती इथं, लंडनमध्ये, स्कूल ऑफ ओरिएंटल अँड आफ्रिकन स्टडीजच्या मार्सडन संग्रहात आहे. इतकी वर्षं या शहरात काढली, रोज ट्यूबनं तिथून जाते, आणि अजून ती पाहिली नाही. ग्रंथालयाकडे परवानगीचा अर्ज मी करणार आहे. ज्यांना बरोबर यायचंय, त्यांनी जेवणाआधी माझ्याकडे नाव द्या. मुलांचीही द्या.