गाडी कुठवर आली?

विधिमंडळाच्या अधिवेशनामुळे सीताबर्डीकडचे अर्धे रस्ते बंद, त्यात ही थंडी, तरी तुम्ही एवढे जण आलात. एकाच मशीनवर विंडोज आणि लिनक्स दोन्ही ठेवायचं, या विषयाला यंदा गर्दी का, ते मला माहीत आहे. 14 ऑक्टोबर 2025 ला विंडोज 10 चा सपोर्ट संपला. विंडोज 11 ला टीपीएम 2.0 ही सुरक्षेची चिप लागते, नव्या पिढीचा प्रोसेसर लागतो. म्हणजे घरातला धडधाकट कॉम्प्युटर एका तारखेत म्हातारा ठरला. मग कुणी भाच्याकडून, कुणी व्हिडिओ पाहून विंडोजच्या शेजारी लिनक्स टाकून घेतलं, मिंट किंवा उबुंटू. टाकणं सोपंच आहे. एके दिवशी सकाळी मशीन सुरू होत नाही, तिथून माझं काम सुरू होतं.

माझी धाकटी बहीण वर्ध्याला असते. ती पॅसेंजरनं नागपूरला निघाली की आमची आई सारखा फोन लावायची, ‘कुठवर आली?’ सिंदी म्हटलं की आई निवांत. बुटीबोरी म्हटलं की कुकर चढायचा. अजनी म्हटलं की तवा. गाडी अजून आली नाही एवढ्यावर आईनं कधी हाय खाल्ली नाही. मशीन बंद पडलं म्हणून कुणी आलं की मीही पहिल्यांदा तेच विचारतो: कुठवर आलं? पडद्यावर शेवटी काय दिसलं? लोक सांगतात, ‘काळं दिसते.’ अहो, काळ्यावर पांढरं काय लिहिलंय ते वाचा ना!

बटण दाबल्यावर आधी मदरबोर्डवरचं फर्मवेअर, म्हणजे बोर्डातच भरलेला प्रोग्राम, जागं होतं. कंपनीचा लोगो दिसतो तो त्याचा. तोही दिसला नाही तर दोन सिस्टिमच्या भांडणाशी संबंध नाही. रॅम, पॉवर सप्लाय, मॉनिटरची वायर बघा. लोगोनंतर फर्मवेअर आपल्या यादीत बघतं, कुणाला आधी बोलवायचं. बायोस म्हणजे जुन्या पद्धतीचं फर्मवेअर, त्या मशीनवर ही यादी नव्हतीच म्हणा ना. डिस्कचा पहिला 512 बाइटचा सेक्टर वाचायचा, त्यातले 446 बाइट हा सुरुवातीचा प्रोग्राम, बस. जागा एकाचीच. म्हणून नंतर विंडोज टाकलं की ते लिनक्सचा ग्रब, म्हणजे कोणती सिस्टिम सुरू करायची ते विचारणारा प्रोग्राम, पुसून स्वतः बसायचं. विंडोज आधी, लिनक्स मागून, हा नियम तिथला. यूईएफआय म्हणजे नव्या फर्मवेअरच्या मशीनवर त्यासाठी डिस्कचा वेगळा छोटा तुकडा, पार्टिशन असतं, फॅट 32 चं. विंडोज ते बहुधा 100 एमबीचं करतं. त्यात विंडोजचा फोल्डर वेगळा, उबुंटूचा वेगळा. दोघं गुण्यागोविंदानं राहतात. तंटा होतो तो यादीत पहिलं नाव कुणाचं यावर.

मागच्या उन्हाळ्यात मानेवाड्याहून एक गृहस्थ मुलाला आणि लॅपटॉपला घेऊन आले. मुलगा इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला, आठ दिवसांवर प्रोजेक्ट. वडील म्हणाले, ‘सर, एका दुकानात दाखवलं, तो म्हणते फॉरमॅट मारा लागते.’ दुकान कुठलं ते सोडा. असं सांगणारी दुकानं गल्लोगल्ली आहेत. लॅपटॉप सुरू केला. वर ‘ग्नू ग्रब’, खाली ‘मिनिमल बॅश-लाइक लाइन एडिटिंग इज सपोर्टेड’ आणि लुकलुकणारा कर्सर. मी पोराला विचारलं, काय केलं होतंस? ‘काहीच नाही काका.’ हे पहिलं उत्तर कधी धरायचं नसतं. चहा येईपर्यंत दुसरं आलं. गेमला जागा पुरत नव्हती, म्हणून त्यानं विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमध्ये जाऊन ‘ते बिननावाचं पार्टिशन’ उडवलं होतं. लिनक्सच्या पार्टिशनला विंडोज ड्राइव्हचं अक्षर देत नाही. पोराला वाटलं, फुकट पडलेली जागा आहे.

आता गाडी कुठवर आली ते बघा. फर्मवेअर ठीक. यादीत पहिला उबुंटू, त्याचा छोटा ग्रब त्या 100 एमबीत शाबूत, म्हणून तो आला. पण त्याचा मेनू, त्याची सगळी सामग्री लिनक्सच्या पार्टिशनवर होती, आणि ते तर उडालेलं. म्हणजे हा बिचारा दारात उभा राहून विचारतोय, पुढं काय करू? मी ‘एलएस’ टाइप केलं. कमांडची स्पेलिंगं मागं फळ्यावर आहेत, मी उच्चार सांगतो. पार्टिशनची यादी आली. एकेकाच्या पोटात डोकावलं. तिसऱ्यात ‘विंडोज’, ‘यूजर्स’ दिसले. प्रोजेक्ट जागेवर. मग ‘एक्झिट’ लिहून एंटर मारलं. ग्रब बाजूला झाला, फर्मवेअरनं यादीतलं पुढचं नाव घेतलं आणि विंडोज उघडलं. वडील मुलाकडं बघायला लागले, मुलगा जमिनीकडं. पुढं फर्मवेअरच्या सेटिंगमध्ये विंडोज बूट मॅनेजर पहिला केला. दहा मिनिटं लागली, त्यातली पाच त्या मॉडेलला एफ-2 दाबायची की एफ-10 यात गेली.

उलटंही होतं. विंडोजचं मोठं अपडेट आलं आणि ‘लिनक्स गायब झालं’. ते कुठं जात नाही, यादीत खाली सरकतं. वर घ्या.

नुसतं ‘ग्रब’ न दिसता ‘ग्रब रेस्क्यू’ दिसलं तर प्रकरण थोडं मागं अडकलंय. पार्टिशनचे क्रमांक बदलले की जुन्या मशीनवर हे हमखास. एलएसनं एकेक पार्टिशन चाचपायचं. ‘अननोन फाइलसिस्टिम’ येत राहील, घाबरू नका. लिनक्सचं सापडलं की प्रीफिक्स आणि रूट सेट करा, म्हणजे ग्रबला त्याच्या फाइलींचा पत्ता द्या, ‘इन्समॉड नॉर्मल’, मग ‘नॉर्मल’. मेनू येतो. एक गोम आहे: ग्रब डिस्क शून्यापासून मोजतो आणि पार्टिशन एकपासून. मीही अजून चुकतो. आणि लिनक्समध्ये पोचल्यावर ग्रब नव्यानं इन्स्टॉल करा, नाहीतर उद्या सकाळी पुन्हा हेच.

ऑगस्ट 2024 चं प्रकरण वेगळंच होतं. विंडोजचं महिन्याचं अपडेट आलं आणि जगभर दुहेरी मशीनवरच्या लिनक्सनं उठायला नकार दिला. पडद्यावर काय, तर ‘समथिंग हॅज गॉन सीरियसली राँग’. एवढा प्रामाणिक एरर मी दुसरा पाहिला नाही! झालं असं: सिक्युअर बूट चालू असलं की फर्मवेअर सही असलेलाच प्रोग्राम चालू देतं. लिनक्सकडं त्यासाठी ‘शिम’ नावाचा सही घेतलेला छोटा प्रोग्राम असतो, तो पुढं ग्रबला आत घेतो. 2022 मध्ये ग्रबमध्ये सुरक्षेचं एक भोक सापडलं होतं. जुन्या, भोकाच्या आवृत्त्या बाद करायला एसबॅट नावाची नोंद फर्मवेअरमध्ये लिहिली जाते. दुहेरी मशीनवर ही नोंद जायची नाही असं मायक्रोसॉफ्टनं म्हटलं होतं, पण अनेकांकडं गेली, आणि ज्यांचा शिम जुना होता ते फाटकाबाहेर. उपाय असा: सिक्युअर बूट बंद करायचं, लिनक्समध्ये शिरून ‘मॉकयूटिल’नं ती एसबॅट पॉलिसी डिलीट करायची, रीबूट, मग सिक्युअर बूट पुन्हा चालू. आणि हो, लिनक्स अपडेट करत जा. आपण विंडोजला नावं ठेवतो आणि स्वतःचं उबुंटू दोन-दोन वर्षं तसंच ठेवतो.

पण थांबा, सिक्युअर बूटला हात लावायच्या आधी बिटलॉकरची, म्हणजे विंडोजच्या डिस्कवरच्या कुलपाची, किल्ली कागदावर उतरवा. 48 आकडे आहेत, सहाचे आठ गट. नव्या लॅपटॉपवर डिस्क एन्क्रिप्ट, म्हणजे कुलूपबंद, असते हे मालकाच्या गावीही नसतं. फर्मवेअरमध्ये काही बदललं की विंडोज ती किल्ली मागतं. ती बहुधा मायक्रोसॉफ्टच्या खात्यात असते, आणि त्या खात्याचा पासवर्ड कुणालाच आठवत नसतो.

विंडोजचं फास्ट स्टार्टअप मात्र मी बघितल्याबरोबर बंद करतो. विंडोज 8 पासून ‘शटडाउन’ म्हणजे खरा शटडाउन राहिला नाही. अर्धी झोप आहे. विंडोजचा गाभा डिस्कवर गोठवून ठेवलेला असतो, ड्राइव्हवर त्याचाच ताबा. लिनक्समधून तो ड्राइव्ह उघडला तर वाचता येतो, लिहिता येत नाही, किंवा उघडतच नाही. लोक म्हणतात डिस्क गेली. ती गेलेली नसते, फास्ट स्टार्टअप काढलं की उघडते.

घड्याळाचं पटकन सांगतो. विंडोज मदरबोर्डचं घड्याळ स्थानिक वेळ समजतं, लिनक्स यूटीसी, म्हणजे जागतिक वेळ. म्हणून लिनक्समधून विंडोजमध्ये आलात की दुपारी बाराला सकाळचे साडेसहा. फरक बरोबर साडेपाच तासांचा असेल तर हे भांडण. लिनक्सला ‘टाइमडेटसीटीएल’नं स्थानिक वेळ वापरायला सांगा. वर्षच मागं गेलं असेल तर मदरबोर्डवरचा सीआर 2032 सेल बदला.

(मागून प्रश्न: ग्रबचा मेनू येतो, पण त्यात विंडोजचं नावच नाही.)

छान विचारलंत, हे हल्ली फार होतं. ग्रब 2.06 पासून शेजारची सिस्टिम शोधणारा ओएस-प्रोबर मुळातच बंद ठेवलेला असतो. विंडोज जागेवर आहे, ग्रब त्याच्याकडं बघतच नाही. फळ्यावर शेवटची ओळ बघा, ग्रब डिसेबल ओएस प्रोबर, बरोबरचं चिन्ह, फॉल्स. ही ईटीसीतल्या डिफॉल्ट फोल्डरमधल्या ग्रब फाइलमध्ये जाते. सेव्ह करा, ‘सुडो अपडेट-ग्रब’ चालवा आणि खाली सरकणाऱ्या ओळी वाचा. ‘फाउंड विंडोज बूट मॅनेजर’ दिसलं की रीबूट करा. तुमचा लॅपटॉप आणलाय का? या मग पुढं.