एक कागद, नऊ शिक्के

(दृश्य : म्हादई, पहाटेचा उजेड. पाण्याचा आवाज.)

ही म्हादई. पणजीला पोचेपर्यंत तिची मांडवी झालेली असते. 23 जुलै 2021 ला गोव्याच्या सत्तरी तालुक्यात ती लोकांच्या घरात शिरली. 1982 नंतरचा सर्वांत वाईट पूर, असं मुख्यमंत्रीच म्हणाले.

(दृश्य : भिंतीवरची चिखलाची रेघ.)

पुढे घराला रंग काढला. आजींनी ही रेघ तेवढी पुसू दिली नाही.

(दृश्य : सभागृह, प्लास्टिकच्या खुर्च्या. मोबाइलवरचं चित्रण.)

मदत पोचली होती. चादरी, तांदूळ, क्लोरीनच्या गोळ्या. नऊ संस्था, नऊ टेम्पो आणि नऊ वेगवेगळी निवेदनं. कचेरीतल्या साहेबांनी ती टेबलावर पसरली आणि विचारलं, "यातला कुठला आकडा खरा धरू?" प्रश्न झोंबला, कारण तो रास्त होता. एकाच कुटुंबाचं नाव तीन याद्यांत, आणि ओहोळापलीकडचा अख्खा वाडा एकाही यादीत नाही.

म्हणून ही बैठक. पहिला तास कुणी किती वाटलं हे सांगण्यातच गेला. तो आम्ही कापलाय. मग मागच्या रांगेतून कुणीतरी म्हणालं, डोकी राहू द्या, चुली मोजूया. एका छपराखाली दोन भावांच्या दोन चुली, तर कुटुंबं दोन. ही वही बघा. खाडाखोड आहे, पण यादी एकच आहे.

पाण्यासाठी स्फिअरचं, म्हणजे आपत्तीतल्या मदतीच्या किमान निकषांचं, माप घेतलं : माणशी दिवसाला किमान 15 लिटर. 1997 मध्ये जगभरातल्या मदत संस्था आणि रेड क्रॉस यांनी मिळून हे निकष ठरवायचं काम हाती घेतलं, तेव्हापासून छावणीत ‘पाणी कमी पडतं’ एवढंच म्हणून थांबावं लागत नाही.

(दृश्य : हातवारे, एक खुर्ची मागे सरकते.)

खरी ठिणगी पडली ती मुंडकारांवरून, म्हणजे दुसऱ्याच्या जमिनीत घर करून राहणाऱ्यांवरून. घर मुंडकाराचं, जमीन भाटकाराची म्हणजे जमीनमालकाची, जमिनीच्या एक-चौदाच्या उताऱ्यावर नावही भाटकाराचंच. 1975 चा मुंडकार कायदा आहे; पण नोंदणीच झालेली नसेल, तर पडलेल्या भिंतीसाठी दाखवायचा तरी कुठला कागद? दोन संस्थांच्या देणग्या भाटकारांकडूनच येतात. ते दोघे बघा, पेन खाली ठेवून बसलेत.

भूसुरुंगांविरुद्ध 1992 मध्ये सहाच संस्था एकत्र आल्या होत्या. 1997 मध्ये ओटावात बंदीचा करार झाला, त्याच वर्षी शांततेचं नोबेलही मिळालं. त्यांची मागणी एका ओळीत मावायची. इथे ती ओळ सापडायला दुपार उलटली. ‘अन्याय’ हा शब्द गेला; ‘उतारा नसला तरी राहत्या घराचा पंचनामा व्हावा’ हे वाक्य राहिलं. आमच्या मते हा सौदा वाईट नव्हता.

(दृश्य : कागदावर शिक्के.)

सात, आठ. नववा शिक्का डिचोलीत विसरला होता. एक मुलगा भर पावसात स्कूटरने तो आणायला गेला, तोवर चहा दुसऱ्यांदा उकळला.

कचेरीत कॅमेरा नेता आला नाही. पोच मिळाली. काही पंचनामे पुन्हा झाले, काही राहिले. आजींचा राहिला.

(दृश्य : आजी रेघेवर बोट ठेवतात. निवेदन नाही.)