घंटी की लोढणं

(दृश्य: सकाळ. गावाबाहेरचं आखर. धुळीत गोळा होणारी ढोरं.)

यवतमाळ जिल्हा, टिपेश्वरच्या जंगलाला लागून असलेलं एक गाव. घराघरातून सुटलेली ढोरं आखरावर येऊन थांबलीत. गावची ढोरं राखणारा गायकी काठीवर हनुवटी टेकवून उभा आहे. तो मोजतोय की नुसता बघतोय, सांगता येत नाही. त्याचे ओठही हलत नाहीत.

जरा जवळून बघा. या गोऱ्ह्याच्या कानात पिवळा बिल्ला आहे. त्यावर बारा आकडे. त्याच्या शेजारच्या तांबडीचा कान मात्र फाटलाय. कुंपणाच्या काट्यात बिल्ला अडकला आणि कानाचा तुकडा घेऊनच गेला. आता सरकारदरबारी तिला नंबर नाही.

गायकीला त्याचं काहीच नाही. म्हणतो, "बिल्ल्याचं काय घेऊन बसले भाऊ? तिची घंटी वळखतो ना मी."

मागून ती पांढरी येतेय, तिच्या गळ्यात लोढणं आहे. लाकडाचा ओंडका, चालताना गुडघ्यांवर आपटणारा. दुसऱ्याच्या तुरीत शिरायची खोड आहे तिला.

(दृश्य: पांदण. मागे सागाचं जंगल.)

या भागात "पट्टेवाला वाघ" म्हटलं की विचारावं लागतं, अंगावरचा पट्टा की गळ्यातला? 2019 च्या फेब्रुवारीत टिपेश्वरमधल्या एका तरुण नराच्या गळ्यात रेडिओ कॉलर, म्हणजे ठावठिकाणा कळवणारा पट्टा, बसवली गेली. पुढे त्याचं नाव पडलं वॉकर. पावसाळ्याच्या सुमारास त्यानं घर सोडलं. तेलंगणाच्या हद्दीत गेला, परत महाराष्ट्रात आला, रस्ते ओलांडले, नाले ओलांडले, बहुतेक रात्रीच चालला. शेवटी बुलढाणा जिल्ह्यातल्या ज्ञानगंगा अभयारण्यात जाऊन टेकला. सगळी वाट मोजली तर भरली सुमारे 3000 किलोमीटर.

गळ्यात पट्टा नसता तर टिपेश्वरचा वाघ हरवला म्हटलं असतं आणि ज्ञानगंगेत कुठून तरी एक वाघ आला म्हटलं असतं. दोन्ही वाघ एकच, हे कुणाच्या डोक्यात आलं नसतं.

वाघ निदान जमिनीवर चालतो. पट्टा गप्प झाला तर माणसं जीप काढतात, पायांचे ठसे शोधतात, गायकीला विचारतात. समुद्रातल्या जनावराचं काय करायचं? पाण्यात पाऊल उमटत नाही आणि तिथे विचारायला गायकीही नाही.

(दृश्य: निळं पाणी. पृष्ठभागाखालून वर बघताना.)

समुद्रातल्या कासवाच्या पाठीवरही ठावठिकाणा सांगणारं यंत्र बसवतात. पण अडचण पाण्याचीच आहे. खाऱ्या पाण्यातून रेडिओ लहरी जात नाहीत. कासवानं बुडी मारली की पाठीवरचं यंत्र मुकं होतं. म्हणून त्या यंत्राला धातूचे दोन टोक असतात. पाण्याखाली असताना खारं पाणी त्या दोघांमधून वीज वाहू देतं. कासव श्वास घ्यायला वर आलं, पाठ उघडी पडली, की ती वाट तुटते आणि यंत्राला कळतं, आता बोलायचं. वर साडेआठशे किलोमीटरवरून एखादा उपग्रह जात असेल तर तो ऐकतो. रेल्वे फाटकाशी उभं राहिलं की गाडी जवळ येताना शिट्टी बारीक ऐकू येते, पुढे निघून गेली की जाड होते. उपग्रहालाही संदेशाचा सूर असाच बदलताना ऐकू येतो आणि त्यावरून कासव कुठे आहे याचा हिशेब लागतो.

म्हणजे नकाशावर कासवाची वाट म्हणून ठिपक्यांची जी ओळ दिसते, तिच्यातला एकेक ठिपका म्हणजे एकेक श्वास आहे. मधल्या कोऱ्या जागेत ते काय करत होतं, ते यंत्रानं साठवून ठेवलं असेल तरच कळतं.

(दृश्य: बर्फ. बर्फात पाडलेलं एक गोल भोक.)

साठवून ठेवायची ही कल्पना कुठून आली, ती गोष्ट मला फार आवडते. 1960 च्या दशकात जेरल्ड कूयमन हा अमेरिकन संशोधक अंटार्क्टिकात वेडेल सील या प्राण्यामागे लागला होता. सील किती खोल जातो, किती वेळ राहतो, कुणालाच माहीत नव्हतं. कूयमननं स्वयंपाकघरातलं चावीचं घड्याळ घेतलं, तासाभरानं टिंग वाजणारं. त्यावर काजळी धरलेली काच बसवली. पाण्याचा दाब वाढला की सुई सरकणार आणि काजळीवर रेघ ओढणार.

आता हे सीलच्या पाठीवर बांधलं तरी परत कसं मिळवायचं? त्यानं बर्फात भोक पाडलं, तेही अशा जागी की आसपास श्वास घ्यायला दुसरं भोकच नाही. सील कुठेही गेला तरी याच दारात परत येणार. आला की यंत्र काढून घ्यायचं. काजळीवरच्या रेघेनं सांगितलं, हा प्राणी 600 मीटर खोल जाऊन आलाय.

आपल्याकडे चुलीवरच्या भांड्यांवर किती काजळी बसते! कुणी त्यात समुद्राची खोली वाचेल, असं वाटलं होतं?

त्यानंतर यंत्रं लहान झाली, हुशार झाली. कुव्हिएर्स बीक्ड व्हेल नावाचा एक देवमासा आहे, फारसा कुणाला न दिसणारा. 2014 मध्ये त्याच्या टॅगनं, म्हणजे अंगावर लावलेल्या नोंदी ठेवणाऱ्या यंत्रानं, खोली नोंदवली 2992 मीटर. पुढे 2020 मध्ये याच जातीच्या एका बुडीची नोंद प्रसिद्ध झाली, 3 तास 42 मिनिटांची. एका श्वासात! तेवढ्या वेळात इथून एसटीनं निघालेला माणूस नागपूरला उतरून चहा घेतो.

श्वासासाठी वर यायचीच गरज नसलेल्या जनावराचं, म्हणजे शार्कसारख्या माशाचं गणित आणखी वेगळं. तिथे टॅग ठरलेल्या दिवशी स्वतःच सुटतो, तरंगत वर येतो आणि साठवलेलं सगळं उपग्रहाला सांगतो. दक्षिण आफ्रिकेजवळ 2003 च्या नोव्हेंबरमध्ये निकोल नावाच्या पांढऱ्या शार्क मादीला असा टॅग लावला होता. 99 दिवसांनी तो वर आला ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम किनाऱ्याजवळ. 11000 किलोमीटरची मजल. टॅग सुटला, काम संपलं. पण पुढच्या ऑगस्टमध्ये ती दक्षिण आफ्रिकेत पुन्हा दिसली. ओळखली कशावरून? पाठीवरच्या पंखाच्या कडेला असलेल्या खाचांवरून, फोटो जुळवून.

(दृश्य: तांबडीचा फाटका कान. जवळून.)

गायकीला हे सांगितलं तर तो हसला. "मंग! कान फाटला तरी गाय कुठीसा जाते?"

(दृश्य: कोकणातला किनारा. रात्र. वाळूत सरकणारं कासव.)

महाराष्ट्रात कासवांना उपग्रहाशी बोलणारे टॅग लावायचं काम सुरू झालं 2022 च्या जानेवारीत, रत्नागिरी जिल्ह्यात. वेळासला ऑलिव्ह रिडले जातीच्या एका मादीच्या पाठीवर टॅग बसवला आणि तिचं नाव ठेवलं प्रथमा. पाठोपाठ सावनी, वनश्री, रेवा, लक्ष्मी. मादीला अंडी घालू द्यायची आणि परत निघाली की थांबवायचं. पाठ घासून, पुसून कोरडी करायची, मजबूत गोंदानं यंत्र चिकटवायचं, तो वाळेपर्यंत धरून बसायचं, मग सोडायचं. 2023 मध्ये गुहागरला अशाच दोघी सोडल्या, बागेश्री आणि गुहा. बागेश्री किनाऱ्यानं दक्षिणेकडे गेली, श्रीलंकेला वळसा घातला आणि बंगालच्या उपसागरात शिरली.

मग एकेक यंत्र गप्प झालं. बॅटरी संपली? अँटेना मोडला? वर शिंपले वाढले? टॅग निसटला? की कासव कुणाच्या जाळ्यात गुदमरलं? पडद्यासमोर बसलेल्याला सगळं सारखंच दिसतं, शेवटचा ठिपका आणि पुढे काही नाही. मला वाटतं, या कामातली सगळ्यात अवघड गोष्ट हीच असावी. वाघासाठी जीप तरी काढता येते.

गंमत म्हणजे, बागेश्रीनं जे अर्धं सांगितलं ते पूर्ण केलं एका साध्या धातूच्या बिल्ल्यानं. ना बॅटरी, ना उपग्रह. 2021 मध्ये ओडिशाच्या किनाऱ्यावर एका मादीच्या वल्ह्यासारख्या पायाला बिल्ला लावला होता, क्रमांक 03233. तीच मादी 2025 च्या जानेवारीत गुहागरच्या वाळूत अंडी घालताना सापडली. पूर्व किनाऱ्याची कासवं वेगळी आणि पश्चिमेची वेगळी, असं मानत आले होते. या बाईनं दोन्हीकडे माहेरपण केलं.

(दृश्य: पैनगंगेचं पात्र. दुपार.)

आणि बंगालचा उपसागर आपल्याला वाटतो तेवढा परका नाही. हे पाणी बघा. पैनगंगा वर्धेला मिळते, वर्धा आणि वैनगंगेची प्राणहिता होते, प्राणहिता गोदावरीत जाते आणि गोदावरी बंगालच्या उपसागरात. तिच्या मुखाजवळच्या वाळूतही ऑलिव्ह रिडले अंडी घालतात. गावच्या नाल्यात फेकलेली कीटकनाशकाची बाटली निघते ती याच वाटेनं.

उलट दिशेनंही काही येतं. उपसागरात कमी दाबाचा पट्टा तयार झाला की इथल्या पराटीवर, म्हणजे कपाशीवर, पाऊस पडतो. तो पट्टा, ते वादळ, समुद्राच्या उबेवर पोसलं जातं. ही ऊब खोलवर मोजायला यंत्रं लागतात, पण सगळीकडे जहाज नेता येत नाही. हिंद महासागरातल्या रियुनियन बेटावरच्या शास्त्रज्ञांनी म्हणून कासवांच्या पाठीवर तापमान मोजणारे टॅग लावले, वादळाच्या वाटेतलं पाणी किती तापलंय ते कळावं म्हणून. अंटार्क्टिकाभोवती हत्ती सील हेच काम करतात, हिवाळ्यात, जिथे जहाज बर्फात अडकेल तिथे.

(दृश्य: पांढरी गाय. गुडघ्यांवर आपटणारं लोढणं.)

पण जनावराला हे कुणी विचारलंय? दक्षिण गोलार्धातल्या किंग पेंग्विनांच्या पंखांना ओळखीसाठी धातूची पट्टी लावायची पद्धत होती. दहा वर्षं निरीक्षण करून 2011 मध्ये निष्कर्ष छापला गेला. पट्टी असलेल्या पेंग्विनांचं जगण्याचं प्रमाण 16 टक्क्यांनी कमी, आणि पिल्लं 39 टक्क्यांनी कमी. पोहताना ती बारीकशी पट्टी पाणी अडवत होती. म्हणजे पट्टीवाल्या पेंग्विनांवरून सगळ्या पेंग्विनांबद्दल जे काढलं, तेही संशयात आलं. ओळख पटवायला लावलेली गोष्ट लोढणं झाली होती.

म्हणून आता टॅगचं वजन बघतात, आकार बघतात, पाणी त्यावरून कसं वाहतं ते बघतात. देवमाशाला तर रबरी चकत्यांनी चिकटवलेला टॅग लावतात, काही तासांनी आपोआप सुटणारा. वॉकरचाही पट्टा 2020 मध्ये काढून टाकला.

(दृश्य: संध्याकाळ. आखराकडे परतणारी ढोरं. धूळ.)

दिवेलागण व्हायला आलीय. ढोरं आपापल्या घरच्या पांदणीला लागली. गायकी मात्र थांबलाय. तांबडी नाही.

बाजूच्या गावात मागच्या महिन्यात वाघानं गोऱ्हा मारला, हे त्याला माहीत आहे. आम्हालाही. कॅमेरा बंद करावा का, असं आम्ही एकमेकांकडे बघून विचारतो. तो हातानंच गप्प राहा म्हणतो, डोक्याचं फडकं कानावरून सरकवतो आणि नाल्याकडे तोंड करून उभा राहतो.

बराच वेळ काहीच नाही.

मग पळसांच्या मागून, लांबून, एकदाच. टण्.

"पाणी पिऊन रायली," तो म्हणतो आणि काठी उचलून नाल्याकडे चालायला लागतो.