तळ्यात की मळ्यात

नमस्कार श्रोतेहो.

माझं लहानपण पुण्याच्या गुरुवार पेठेत गेलं. पंचहौदच्या पवित्र नाम देवालयाचा घंटेचा मनोरा देवळापासून वेगळा, एकटाच उभा आहे, तो पाहिलेल्यांना आमची गल्ली लगेच डोळ्यांसमोर येईल. संध्याकाळी आम्ही मुली तिथे तळ्यात-मळ्यात खेळायचो. खडूची एक रेघ, इकडे मळा, तिकडे तळं. राज्य घेणारी ओरडायची आणि आम्ही उड्या मारायच्या. चुकीच्या बाजूला गेली ती बाद. पण माझ्या आठवणीत बाद व्हायच्या त्यातल्या बऱ्याचजणी रेघेवर पाय पडून बाद व्हायच्या. तळ्यात म्हणाली की मळ्यात, या घोटाळ्यात अर्धीच उडी पडायची.

वयाच्या पस्तिशीत मी सबंध आठ महिने त्या रेघेवर उभी होते. आज त्याबद्दल बोलायचं आहे.

१९८९ सालची गोष्ट. मी एका कचेरीत टंकलेखक होते. कायमची नोकरी, घरी आई आणि मी. नगर जिल्ह्यातल्या मुलींच्या एका वसतिगृहाला मेट्रन हवी होती आणि आमच्या चर्चच्या पाळकसाहेबांनी माझं नाव सुचवलं. पत्र आलं. पगार निम्म्याहून कमी, पण ते पत्र वाचताना माझे हात थरथरले होते, कारण असं काहीतरी करावं हे मी शाळेत असल्यापासून मनात धरून होते. आई म्हणाली, "मी येईन तुझ्याबरोबर. तू देवाला विचार."

मी विचारलं. पण कसं विचारलं ते सांगते. बायबलमधल्या शास्ते या पुस्तकात गिदोनाची गोष्ट आहे. त्याने खळ्यात लोकर ठेवली आणि देवाला म्हणाला, दहिवर फक्त लोकरीवर पडू दे, भुई कोरडी राहू दे. तसं झालं. मग म्हणाला, आता उलट करून दाखव. तेही झालं. मला वाटलं, ही रीतच आहे. म्हणून मीही खुणा मागायला लागले. शुक्रवारपर्यंत पाऊस पडला तर जायचं. पाऊस पडला. मग मनात आलं, जुलैत पुण्यात पाऊस पडतोच, याला खूण कसं म्हणायचं? डोळे मिटून बायबल उघडायचं आणि बोट पडेल ते वचन आपल्यासाठी समजायचं, असंही केलं. एकदा बोट वंशावळीवर पडलं, एकदा 'भिऊ नको' या शब्दांवर. त्या दिवशी मी रडले, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा उघडून पाहिलं. ३१ डिसेंबरच्या रात्रीच्या उपासनेत आम्ही नव्या वर्षासाठी वचनाची चिठ्ठी उचलतो, तिचीही मी वाट पाहिली. फेब्रुवारीत एकदाचं होकाराचं पत्र टाकलं. उत्तर आलं की जागा दिवाळीतच भरली.

आमच्या गावाकडे लोक देवाला कौल लावतात, पाकळी उजवीकडे पडली की होकार. मी त्याला कधी नाव ठेवणार नाही, कारण त्यामागची व्याकुळता मला ठाऊक आहे. माझंही तेच चाललं होतं, फक्त पाकळीच्या जागी वचन होतं.

पाळकसाहेब रागावले नाहीत. त्यांनी एवढंच विचारलं, "बाई, तुम्ही देवाकडे वाट मागत होता की हमी?"

मग मी गिदोनाची गोष्ट पहिल्यापासून वाचली, आणि आधी माझ्या नजरेतून काय सुटलं होतं ते दिसलं. मिद्यानी लोकांच्या भीतीने हा माणूस द्राक्षकुंडात लपून गहू झोडतोय, तिथे त्याची आणि देवदूताची भेट होते. जा, तुझ्या लोकांना मिद्यान्यांच्या हातून सोडव, हे त्याला तेव्हाच सांगून झालेलं आहे. लोकर त्यानंतरची. म्हणजे देवाची इच्छा काय आहे हे त्याला माहीत होतं, धीर होत नव्हता. देवाने त्या दोन्ही वेळा त्याला झिडकारलं नाही, हे मला फार मोलाचं वाटतं. पण लोकरीने त्याची भीती गेली का? पुढच्याच अध्यायात बत्तीस हजारांच्या सैन्याला सांगितलं जातं की जो भितो त्याने घरी जावं. बावीस हजार जातात. शेवटी तीनशे उरतात. आणि लढाईच्या रात्री देव गिदोनाला म्हणतो, तुला खाली जायची भीती वाटत असेल तर तुझा सेवक पुरा याला बरोबर घेऊन शत्रूच्या छावणीत जा आणि ते काय बोलतात ते ऐक. गिदोन पुराला घेऊन जातो. दोन खुणा मिळाल्यावरही तो भीतच होता. या वेळी लोकरीची खूण नाही, सोबतीला एक माणूस दिला.

श्रोतेहो, मला विशेषकरून सांगायचं आहे ते याच्या आसपासच आहे. आपण समजतो की आधी शंका पूर्ण मिटेल, मग पाऊल उचलता येईल. विश्वास म्हणजे शंकेचा शेवट, अशी आपली समजूत असते. शास्त्रात मला तसं फारसं सापडत नाही. मार्कच्या शुभवर्तमानाच्या नवव्या अध्यायात आजारी मुलाचा बाप येशूला म्हणतो, माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवून टाका. एकाच वाक्यात दोन्ही. येशूने त्याला आधी अविश्वास घालवून ये असं म्हटलं नाही, मुलाला बरं केलं. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या अगदी शेवटी, पुनरुत्थानानंतर, गालीलातल्या डोंगरावर अकरा शिष्य येशूला नमन करतात, आणि तिथे लिहिलंय की काहींना संशय वाटला. जा आणि सर्व राष्ट्रांना शिष्य करा ही आज्ञा त्याच घोळक्याला मिळाली. संशय असलेल्यांना बाजूला काढलं नाही.

मग बायबलातल्या याकोबाच्या पत्राचं काय, असं कोणी विचारेल, आणि विचारायलाच हवं. याकोब पहिल्या अध्यायात स्पष्ट म्हणतो की संशय धरणारा समुद्राच्या लाटेसारखा, वारा नेईल तिकडे जाणारा. द्विबुद्धीचा माणूस आपल्या सगळ्या मार्गांत चंचल. हे वचन मी वर्षानुवर्षं स्वतःला मारून घेतलं. पण त्याच्या आधीचं वाक्य बघा. ज्याला शहाणपण उणं आहे त्याने देवाजवळ मागावं, तो उदारपणे देतो आणि दोष लावत नाही. दोष लावत नाही! प्रश्न पडलेल्या माणसाला याकोब रागावत नाही, दोन्ही दगडांवर पाय ठेवणाऱ्याला रागावतो. वसतिगृहाचं पत्रही हवं आणि कचेरीची खुर्चीही सोडायची नाही, हे माझं आठ महिने चाललं होतं. त्याला मी प्रार्थना म्हणत होते.

पुण्याहून दौंडकडे जाणाऱ्या गाडीत बसलात की वाटेत केडगाव लागतं. तिथे पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन आहे. रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ साली इंग्लंडमध्ये झाला. एवढी संस्कृत पंडिता, तिने विचारपूर्वकच पाऊल टाकलं असणार. तरीही पुढे त्यांनी स्वतःच लिहून ठेवलं की तेव्हा त्यांना ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडला नव्हता. ती खात्री यायला त्यांना सुमारे आठ वर्षं लागली. आणि या आठ वर्षांत त्या हातावर हात ठेवून बसल्या नव्हत्या. ११ मार्च १८८९ रोजी त्यांनी मुंबईत विधवांसाठी शारदा सदन सुरू केलं, १८९० मध्ये ते पुण्यात आणलं. मनातले प्रश्न सुटायचे होते, पण दारात आलेल्या विधवा मुलीला जेवण आणि अक्षर द्यायला त्यांची उत्तरं लागत नव्हती. पुढे १८९६-९७ च्या दुष्काळात, स्वतःचे आईवडील आधीच्या दुष्काळात गमावलेल्या या बाईने मध्य प्रांतात जाऊन शेकडो मुलींना आणलं. केडगावला मी अधूनमधून जाते. तिथे उभी राहिले की ती आठ वर्षंच माझ्या डोळ्यांपुढे येतात.

मी प्रोटेस्टंट घरातली, पण या बाबतीत एक शहाणपण मी कॅथलिक परंपरेकडून घेतलं आहे. नगर रस्त्यावर येशूसंघाचं, म्हणजे जेझुइट या कॅथलिक धर्मसंघाचं, डी नोबिली कॉलेज आहे. त्या संघाचे संस्थापक संत इग्नेशियस लोयोला मुळात सैनिक. १५२१ साली पाम्प्लोनाच्या लढाईत पाय जायबंदी झाला आणि अंथरुणावर पडल्यापडल्या ते आपल्याच विचारांकडे बघायला शिकले: कुठला विचार मागे शांती ठेवून जातो, कुठला मन कोरडं करून जातो. त्यांचा एक नियम मी घराच्या भिंतीवर लिहावा असा आहे. मन खचलेलं, अंधारलेलं असताना आधी घेतलेला निर्णय बदलू नये. उजेडात ठरवलेलं अंधारात मोडू नये. रात्री दोन वाजता किती निर्णय मोडले जातात, हे ज्याचं त्याला माहीत.

एक मात्र मध्येच सांगते. महिनोन् महिने झोप नाही, साध्या गोष्टीही ठरवता येत नाहीत, दार लावलं की नाही हे दहादा बघावं लागतं, असं होत असेल तर डॉक्टरांकडे जा. त्याला अल्पविश्वास म्हणून कोणी हिणवलं तर ऐकू नका. बायबलातल्या यहूदाच्या पत्रात सरळ लिहिलंय, जे संशयात आहेत त्यांच्यावर दया करा.

आणि निर्णय चुकला तर? ही भीती मला कायम छळते. प्रेषितांची कृत्ये सोळाव्या अध्यायात पौल आणि त्याचे सोबती आशिया प्रांतात जाऊ पाहतात, आत्मा अडवतो. बिथुनियाकडे वळतात, पुन्हा अडवणूक. मग ते त्रोवसला उतरतात आणि तिथे रात्री मासेदोनियाच्या माणसाचा दृष्टान्त होतो. दोन वाटा बंद झाल्या त्या चालताना बंद झाल्या. घरात बसलेल्या माणसाला दार बंद आहे की उघडं हे कळणार कसं? देव चुकलेल्या पावलालाही वळवू शकतो, यावर माझी भिस्त आहे. माझा निर्णय अचूक असेल, यावर नाही.

दहा वर्षांनी पुन्हा ठरवायची वेळ आली. आईला विसर पडायला लागला. आधी चष्मा, मग गॅस, मग रस्ता. एकदा ती क्वार्टर गेटजवळ उभी सापडली, सिटी चर्चच्या समोर, आपलं घर कुठलं ते न कळून. नोकरी सोडून घरी राहायचं की तिला वृद्धांच्या चांगल्या आश्रमात ठेवायचं? नातेवाईक दोन्हीकडून बोलत होते, आणि दोन्हीकडची कारणं खरी होती. या वेळी मी खूण मागितली नाही. महिला मंडळातल्या दोघींना, ज्या माझ्या तोंडावर खरं बोलतात त्यांना, घरी बोलावलं. पुरासारख्या. कॅलेंडरवर एका तारखेला खूण केली, त्या दिवसापर्यंत रोज प्रार्थना केली आणि त्या दिवशी राजीनामा दिला. खात्री होती का? नाही. राजीनाम्याच्या कागदावर सही करताना पोटात गोळा होता. स्तोत्रसंहितेत वचनाला पावलांपुरता दिवा म्हटलं आहे. तेव्हाच्या कंदिलाचा उजेड तो केवढा. पुढचं पाऊल दिसेल एवढाच.

ती पाच वर्षं सोपी नव्हती. पैशांची ओढाताण झाली, मी तिच्यावर ओरडले, नंतर तिच्या पायाशी बसून क्षमा मागितली, आणि ते तिला आठवतही नव्हतं. दुसरा मार्ग बरा झाला असता का, हा प्रश्न मला आजही कधी कधी पडतो. पडला की मी तो प्रभूला सांगते आणि स्वयंपाकाला लागते.

शेवटच्या वर्षी तिला माझं नावही राहिलं नव्हतं. पण रात्री मी तिचा हात धरून प्रभूची प्रार्थना सुरू केली की तिचे ओठ हलायचे. 'हे आमच्या स्वर्गातील पित्या'पासून ती माझ्याबरोबर यायची. 'आमची रोजची भाकर आज आम्हाला दे' इथवर आलं की थांबायची. पुढचं तिला आठवायचं नाही. मग ती तेवढीच ओळ पुन्हा म्हणायची, आज आम्हाला दे, आज आम्हाला दे, आणि माझ्याकडे वळून विचारायची, "बाई, तुम्ही जेवलात का?"

नमस्कार.