टॅबलेटवर बीजगणित: अॅप तुमचंच वाक्य परत देतं तेव्हा

नमस्कार मंडळी. कलाभवनात, म्हणजे इंजिनिअरिंगला, नाहीतर सायन्स फॅकल्टीत पहिल्या वर्षाला बसलेल्यांसाठी आजचा व्हिडिओ आहे. अकरावी-बारावीवाल्यांनीही बघायला हरकत नाही. ऑनलाइन शाळेच्या काळात घेतलेला टॅबलेट घरोघरी पडून आहे. बडोद्यात तर मी बघतेच, त्याच्यावर आजी मालिका बघतात आणि लहान भाऊ गेम खेळतो. तो अर्धा तास मागून घ्या. आज त्याच्यावर कॉम्प्युटर अल्जिब्राचं, म्हणजे अक्षरांचंही गणित करणारं, अॅप बसवू आणि त्याच्याशी बोलायचं कसं ते शिकू.

(टॅबलेटची स्क्रीन दिसते)

आधी एक गणित करून दाखवते, म्हणजे हे साध्या कॅल्क्युलेटरपेक्षा वेगळं काय आहे ते कळेल. बाराव्या शतकात भास्कराचार्यांनी एक समीकरण सोडवलं होतं: एकसष्ट गुणिले एका संख्येचा वर्ग, त्यात एक मिळवा, आणि येणारी संख्या पूर्ण वर्ग हवी. उत्तरातल्या सगळ्यात लहान संख्या आहेत २२६१५३९८० आणि १७६६३१९०४९. नऊ आणि दहा अंकी! पुढे १६५७ साली फ्रान्समध्ये फर्मानेही एकसष्टचाच हा प्रश्न इतर गणितज्ञांना आव्हान म्हणून घातला होता. आपल्याकडे तो पाचशे वर्षं आधी सुटलेला होता.

आता हा पडताळा दुकानातल्या बारा अंकी कॅल्क्युलेटरवर करायला जा. वर्ग एकोणीस अंकी होतो, कॅल्क्युलेटर हात टेकतो. इथे मी टाइप करते: मोठ्या संख्येचा वर्ग, वजा एकसष्ट गुणिले लहान संख्येचा वर्ग. एंटर. उत्तर आलं एक. पूर्णांक कितीही लांब असला तरी हे अॅप तो पुरता लिहितं, शेवटचे अंक गाळत नाही. एक तृतीयांश दिलात तर ते एक तृतीयांशच ठेवतं, शून्य पूर्णांक तीन तीन तीन करत नाही. आणि संख्येच्या जागी अक्षर दिलंत तरी त्याचं काही अडत नाही. मुख्य गंमत त्यातच आहे, तिच्याकडे येतेच.

कोणतं अॅप? अँड्रॉइड टॅबलेट असेल तर मी मॅक्सिमा ऑन अँड्रॉइड सांगते. फुकट आहे आणि एकदा बसलं की नेट लागत नाही. आयपॅड असेल तर जिओजेब्राचं कॅस कॅल्क्युलेटर घ्या, कॅस म्हणजे कॉम्प्युटर अल्जिब्रा सिस्टिम. ते अँड्रॉइडवरही मिळतं आणि दिसायला जास्त देखणं आहे. त्याच्या आत चालणारं इंजिन फ्रान्समधल्या ग्रेनोबलच्या बर्नार पारिस यांचं जियॅक. मॅक्सिमाचं मूळ त्याहून जुनं. अमेरिकेतल्या एमआयटीत १९६८ साली मॅकसिमा (Macsyma) सुरू झालं, आपलं मॅक्सिमा (Maxima) त्याच्यातून निघालं. टेक्सासच्या विल्यम शेल्टर यांनी १९८२पासून त्याची एक आवृत्ती एकहाती सांभाळली आणि १९९८ साली ती सगळ्यांसाठी खुली करायची परवानगी मिळवली. म्हणून आज आपल्याला पैसे पडत नाहीत. दिसायला रुक्ष आहे, पण मी आज तेच दाखवणार, कारण त्याच्यावर हात बसला की बाकीची अॅप्स सोपी जातात.

इन्स्टॉल कसं करायचं ते सांगत बसत नाही, ते तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं येतं.

पण कीबोर्डसाठी जरा थांबा. टॅबलेटवर पहिल्या दिवशी जी डोकेदुखी होते ती बहुतेक गणिताची नसते, कीबोर्डची असते. सेटिंगमध्ये जाऊन दोन गोष्टी बंद करा: वाक्याचं पहिलं अक्षर आपोआप मोठं करणं आणि स्पेलिंग आपोआप सुधारणं. तुमचा कीबोर्ड मराठी किंवा गुजराती असेल तर इंग्रजीवर आणा, अंकसुद्धा इंग्रजीच हवेत. आणि कमांड संपली की अर्धविराम, म्हणजे सेमीकोलन, द्यायची सवय लावून घ्या.

आता पहिली कमांड. उत्तर आधीच माहीत असलेलंच गणित द्या. अॅप नवीन असताना गणितही नवीन घेतलंत, तर चूक गणितात आहे की टाइप करण्यात, हे कधीच कळणार नाही. म्हणून एक्स वर्ग वजा पाच एक्स अधिक सहा, बरोबर शून्य. उत्तर दोन आणि तीन, दहावीपासून पाठ आहे.

(कमांड मोठ्या अक्षरात दिसते)

सॉल्व्ह, कंस, समीकरण, स्वल्पविराम, एक्स, कंस बंद. स्वल्पविरामानंतरचा एक्स कशासाठी? कोणतं अक्षर शोधायचं ते सांगायला. आपल्याला एक्स म्हटलं की अज्ञात हे गृहीत असतं, त्याला नसतं.

आणि बघा, हे काय झालं? मी मुद्दाम सॉल्व्हचा एस मोठा ठेवला होता. लाल अक्षरं नाहीत, एरर नाही. मी लिहिलेलंच खाली सुंदर छापून आलं. सरकारी कचेरीत दिलेला अर्ज शेरा न मारता जसाच्या तसा परत यावा, तसं.

आजच्या व्हिडिओतलं हेच नीट लक्षात ठेवा. या अॅपला एखादी गोष्ट कळली नाही, किंवा कळली पण पुढे काही करता आलं नाही, तर ते दर वेळी ओरडत नाही. बऱ्याचदा तुमचंच वाक्य तुम्हाला परत देतं. मोठ्या एसचं सॉल्व्ह हे त्याच्या लेखी कुठलं तरी अनोळखी फलन आहे. असेल काहीतरी, म्हणून ते ठेवून देतं. लहान एस केला, आणि हे आलं: एक्स बरोबर तीन, एक्स बरोबर दोन.

वाक्य परत येण्याची अजून कारणं बघू, कारण ही सगळी पहिल्याच आठवड्यात भेटतात.

साइन तीस. टाइप करा. काय आलं? साइन तीस. मुलं म्हणतात, मॅडम, एवढंही येत नाही याला? येतं. पण त्याच्या लेखी तीस म्हणजे तीस अंश नव्हे, तीस रेडियन, कोन मोजायचं दुसरं एकक. त्याची नेमकी किंमत साध्या रूपात लिहिता येत नाही, म्हणून त्याने ते तसंच ठेवलं. हट्टाने दशांशात मागितलंत तर वजा शून्य पूर्णांक नऊ आठ आठ देईल, आणि तुम्ही म्हणाल अॅप बिघडलं. तीस अंशांसाठी पाय भागिले सहा द्या, एक द्वितीयांश मिळेल. फक्त पाय लिहिताना आधी टक्क्याचं चिन्ह आणि मग पी-आय. नुसतं पी-आय लिहिलंत तर तेही त्याच्यासाठी एक अक्षर, आणि वाक्य पुन्हा परत.

दुसरं, गुणाकार. वहीत आपण पाच एक्स चिकटवून लिहितो. मॅक्सिमात मध्ये तारा, म्हणजे गुणाकाराचं * हे चिन्ह, हवा. पाच एक्स चिकटवलंत तर निदान एरर तरी येते, चूक कळते. पण एक्स आणि लगेच कंसात एक्स अधिक एक असं लिहिलंत तर? एरर नाही. ते एक्स नावाचं फलन समजतं. मग एक्सपांड म्हणा, काहीही म्हणा, कंस सुटत नाही, तेच परत. तारा घाला, लगेच एक्स वर्ग अधिक एक्स. जिओजेब्रात पाच एक्स तसंच चालतं, तिथे हा त्रास नाही. उलट तिथे कमांडची नावंच मोठ्या अक्षराने सुरू होतात. दोन्ही अॅप्स वापरणार असाल तर एवढं ध्यानात ठेवा.

तिसरं कारण मात्र वेगळं आहे. एक्सचा एक्सावा घात, याचं इंटिग्रेशन मागा. परत आलं. इथे तुमचं काही चुकलेलं नाही आणि त्याचंही नाही. या फलनाचं इंटिग्रल आपल्या ओळखीच्या फलनांत लिहिताच येत नाही. तसंच एक्सचा पाचवा घात वजा एक्स वजा एक, बरोबर शून्य. सॉल्व्हने समीकरण तसंच परत दिलं. पाचव्या घाताच्या समीकरणाला वर्गसमीकरणासारखं मुळांचं सर्वसाधारण सूत्र असूच शकत नाही, हे नॉर्वेच्या आबेल या गणितज्ञाने १८२४ साली सिद्ध केलं. आणि हे समीकरण खरोखरच त्या न सुटणाऱ्यांतलं आहे. अशा वेळी सूत्राचा नाद सोडायचा आणि संख्या मागायची. फाइंड रूट ही कमांड, एक ते दोनच्या मध्ये शोध म्हटलं, आणि आलं १.१६७३ आणि पुढे बरेच अंक.

तर वाक्य परत आलं की क्रमाने बघायचं. आधी स्पेलिंग आणि मोठं अक्षर, मग तारे आणि कंस, मग अंश-रेडियन. हे सगळं ठीक असेल, तरच उत्तर नसेल असं म्हणायचं.

(कॅमेऱ्याकडे बघत)

आता ती अक्षरांची गंमत. समजा मंगळबाजारातून चौरस पुठ्ठा आणला. चार कोपऱ्यांतून सारखे छोटे चौरस कापायचे, कडा वर दुमडायच्या, झाकण नसलेलं खोकं तयार. किती कापलं तर खोक्यात सगळ्यात जास्त मावेल? पुस्तकात पुठ्ठा बारा सेंटिमीटरचा असतो, उत्तर दोन सेंटिमीटर. परीक्षेत अठराचा येतो आणि पुन्हा सगळं पहिल्यापासून करत बसतो आपण.

इथे बारा लिहूच नका. बाजू ए ठेवा, कापायचा तुकडा एक्स. व्ही, मग कोलन, मग एक्स गुणिले, कंसात ए वजा दोन एक्स, आणि त्या कंसाचा वर्ग. कोलन, बरोबरचं चिन्ह नाही. मॅक्सिमात नाव द्यायचं ते कोलनने, बरोबरचं चिन्ह फक्त समीकरणासाठी. आता डिफ कमांडने व्हीचं एक्सच्या संदर्भात विकलन, ते शून्य ठेवून सॉल्व्ह. दोन उत्तरं आली: ए भागिले सहा आणि ए भागिले दोन.

दुसरं का टाकायचं? ए भागिले दोन कापलं तर तळच उरत नाही. अॅपला ते कळत नाही, त्याच्यासाठी दोन्ही उत्तरं सारखीच खरी आहेत. पुठ्ठा तुमच्या डोक्यात आहे, त्याच्या नाही. पहिलं उत्तर घनफळात घाला. दोन ए घन भागिले सत्तावीस. ए बारा घेतलात तर एकशे अठ्ठावीस घन सेंटिमीटर, पुस्तकाशी जुळलं. अठराचा घ्या, छत्तीसचा घ्या, बाजूचा सहावा भाग कापायचा, झालं. जगातले सगळे चौरस पुठ्ठे एका ओळीत निकालात निघाले!

इथेच एक गफलत होऊ शकते. आधी कधीतरी तुम्ही एक्स कोलन पाच असं लिहिलं असेल, तर त्याच्या लेखी एक्स म्हणजे पाच, आणि पाचच्या संदर्भात विकलन करा म्हटलं की ते तक्रार करतं. किल, कंसात ऑल. पाटी कोरी. नवीन गणिताआधी हे करून टाकावं.

कधी अॅपच तुम्हाला प्रश्न विचारेल. एक्सचा एनवा घात, याचं इंटिग्रेशन मागितलं की ते विचारतं, एन बरोबर वजा एक (-1) आहे का? घाबरून बंद करू नका. वजा एक असेल तर उत्तर लॉग येतं, नसेल तर घात एकने वाढतो. येस किंवा नो लिहा, अर्धविराम द्या. मला तर हे त्याचं सगळ्यात आवडतं. पेपर तपासताना मी हाच प्रश्न लाल पेनाने समासात लिहिते.

बाकी किरकोळ. इंटिग्रेशनच्या उत्तरात ते अधिक सी लिहीत नाही. तुम्ही लिहा, नाहीतर गुण जातील. एक भागिले एक्सचं उत्तर लॉग एक्स देतं, वहीतला तो निरपेक्ष किमतीच्या दोन उभ्या रेघांचा मान तुम्हीच द्यायचा. त्याचा लॉग नैसर्गिक असतो, दहाच्या पायाचा नाही. आठचं वर्गमूळ मागितलं तर दोनचा घात तीन छेद दोन दाखवतं. चुकीचं नाही, त्याची पद्धत तशी आहे.

आणि हो, टॅबलेट आडवा धरा, स्क्रीनचे दोन भाग करा. एका बाजूला नोट्सची पीडीएफ, दुसऱ्या बाजूला अॅप. आधी वहीत सोडवा, मग इथे ताडा. अवयव पाडले असतील तर ते एक्सपांड करून मूळ पद येतं का बघा. इंटिग्रेशन केलं असेल तर त्याचं विकलन करा. उत्तर दिसायला वेगळं आलं, तर तुमच्या उत्तरातून त्याचं वजा करा आणि सोपं करायला सांगा. शून्य उरलं, किंवा इंटिग्रेशनमध्ये नुसती एखादी स्थिर संख्या उरली, तर दोघंही बरोबर.

आता तुमच्यासाठी एक. पुठ्ठा चौरस नाही, आयत आहे, बाजू ए आणि बी. तीच कमांड, फक्त व्ही बदलायचा. उत्तरात वर्गमूळ येईल, दोन उत्तरं येतील, आणि त्यातलं कोणतं टाकायचं ते अॅप सांगणार नाही. पुढच्या व्हिडिओत आलेख काढू, तेव्हा बघू कोणाचं खोकं उभं राहिलं.