जिनिंगची घरघर आणि बिडीचा धूर

कापसाचा हंगाम सुरू झाला, की जळगाव आणि धुळे जिल्ह्यांतील जिनिंगचे कारखाने रात्रंदिवस घरघरू लागतात. पाळी सुटल्यावर फाटकाबाहेरच्या टपरीवर चहा होतो, बिडी पेटते, आणि पन्नाशी ओलांडलेला एखादा कामगार शेजाऱ्याकडे कान वळवून अहिराणीत विचारतो, "काय म्हनस?" त्याला आवाज ऐकू आलेला असतो, शब्द मात्र लागलेला नसतो. घरचे लोक याचे खापर वयावर फोडतात, तो स्वतः यंत्रावर फोडतो, आणि दोघांचेही म्हणणे खोटे नसते. हातातल्या बिडीचे नाव मात्र कोणी काढत नाही.

आंतरकर्णाच्या शंखाकृती भागात सुमारे १५,००० केशपेशी असतात. ध्वनीच्या कंपनांचे मेंदूला समजणाऱ्या संदेशांत रूपांतर करणाऱ्या या पेशी माणसात एकदा मेल्या, की पुन्हा उगवत नाहीत. त्यांना रक्त पोहोचवणारी धमनी एकच, तीही अतिशय बारीक, आणि ती तुंबली तर दुसरी वाट नाही. गिरणा नदीच्या पाटावर ज्याचे शेत अगदी शेवटच्या टोकाला आहे, त्याला याहून अधिक समजावून सांगण्याची गरज नाही. निकोटिनमुळे रक्तवाहिन्या आकसतात. धुरातील कार्बन मोनॉक्साइड हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा सुमारे २०० पट अधिक घट्ट चिकटतो. म्हणजे पाटही अरुंद होतो आणि त्यातून येणाऱ्या पाण्याचा कसही जातो.

सहसा आधी निकामी होतात त्या उंच पट्टीचे ध्वनी टिपणाऱ्या पेशी. बोलण्यातले स्वर ऐकू येत राहतात. स, श, फ, थ यांसारखी व्यंजने मात्र निसटतात, आणि नातवंडाचा बारीक आवाज नुसता गलका वाटू लागतो.

अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यातील बीव्हर डॅम येथे ३,७५३ प्रौढांच्या तपासणीवर आधारलेला अभ्यास १९९८ साली प्रसिद्ध झाला. त्यात धूम्रपान करणाऱ्यांमध्ये श्रवणदोषाची शक्यता न करणाऱ्यांच्या सुमारे १.७ पट आढळली. स्वतः न ओढता ओढणाऱ्यासोबत एका घरात राहणाऱ्यांमध्येही ती वाढलेली होती. जपानमधील ५०,००० हून अधिक कामगारांचा आठ वर्षांपर्यंत पाठपुरावा करून २०१८ साली मांडलेले निष्कर्ष आपल्या विषयाला अधिक जवळचे आहेत, कारण कामाच्या जागेचा गोंगाट हिशेबात धरूनही धूम्रपान करणाऱ्यांमध्ये उंच पट्टीच्या श्रवणदोषाचा धोका १.६ पट, तर खालच्या पट्टीचा १.२ पट राहिला.

येथे एक खुलासा आवश्यक आहे. २०१६-१७ च्या सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात धूरविरहित तंबाखू वापरणारे प्रौढ २४.४ टक्के, तर धूम्रपान करणारे ३.८ टक्के होते. वर सांगितलेले निष्कर्ष धुराविषयीचे आहेत. ते जसेच्या तसे तंबाखू मळणाऱ्याला लावता येत नाहीत, मात्र निकोटिन त्याच्याही रक्तात उतरतेच.

कानाची तपासणी बंद खोलीत होते. कानावर हेडफोन चढवून निरनिराळ्या पट्टीचे सूर ऐकवले जातात, आणि ऐकू आला की बटण दाबायचे असते. गोंगाटाने बिघडलेल्या कानाचा आलेख बहुधा ४,००० हर्ट्झच्या आसपास खाली घसरतो. त्यातले किती यंत्राने नेले आणि किती धुराने, हे आलेख सांगत नाही. म्हणूनच ते तोंडी विचारावे लागते. जपानच्या त्याच पाहणीत धूम्रपान सोडलेल्यांचा वाढीव धोका पाच वर्षांच्या आत कमी झाल्याचे दिसले. मेलेल्या पेशी त्यामुळे परत येत नाहीत, परंतु उरलेल्यांना प्राणवायू पुरेसा मिळू लागतो.