एका डोळ्याचा मोर

(मंडळाच्या मेळाव्यात केलेलं भाषण, वेबसाइटसाठी थोडं आवरून.)

नमस्कार मंडळी. आतून मसालेभाताचा वास यायला लागलाय, तेव्हा मला दिलेली वीस मिनिटं पंधराच आहेत असं धरून चालतो.

यंदाच्या कथास्पर्धेचं परीक्षण माझ्या गळ्यात पडलं. विषय समितीनं ठरवला होता: प्रेम, मत्सर, विश्वासघात. आणि कथा काळीकुट्ट हवी, अशी तळटीप. बहुतेक कथांमध्ये नवऱ्याच्या फोनवर रात्री मेसेज येतो, बायको तो वाचते आणि तिसऱ्या पानावर कोणीतरी मरतं. एका कथेत शेंगाचटणीत विष कालवलं होतं. लेखक कोण ते मला माहीत नाही, पण सोलापूरचा नक्की नाही. आमच्याकडची बाई एखाद वेळेस नवऱ्याला मारेल, चटणी नासवणार नाही.

खुनाला माझी हरकत नाही, घाईला आहे. फसवणूक उघडी पडली की लगेच सुरी. मधले दिवस कुठे गेले? ज्याच्यावर संशय आहे त्याच्याच शेजारी बसून चहा प्यायचा, त्याच्या पोराला ताप आला तर रात्री दार वाजवायचं, आणि हे सगळं करताना आत काहीतरी आंबत राहायचं. मला ते दिवस वाचायचे होते.

मी लहानपणी ऐकलेली पहिली प्रेमकथा गड्ड्याच्या जत्रेतली. सोलापूरकरांना सांगायला नको, बाकीच्यांसाठी सांगतो. १२व्या शतकातले सिद्धरामेश्वर आमचं ग्रामदैवत. आख्यायिका अशी की एका कुंभाराच्या मुलीचं त्यांच्यावर मन बसलं. ते म्हणाले, मी शिवाला वाहिलेला माणूस, माझ्याशी लग्न नाही होणार. हवं तर माझ्या योगदंडाशी कर. तिनं केलं. आजही दर संक्रांतीला ते लग्न लागतं. भोगीच्या दिवशी ६८ लिंगांना तैलाभिषेक, त्याला यण्णीमज्जन म्हणतात. मग संक्रांतीला पांढऱ्या बाराबंदीतली माणसं ७ नंदीध्वज, म्हणजे उंच सजवलेल्या काठ्या, पेलत सम्मती कट्ट्यापाशी येतात, कन्नडमधून सम्मती वाचली जाते आणि 'सत्यम् सत्यम् दिड्डम् दिड्डम्' झालं की अक्षता पडतात. वडिलांच्या खांद्यावर बसून मी त्या टाकलेल्या आहेत. निम्म्या पुढच्या माणसाच्या टोपीवर पडायच्या.

दुसऱ्या दिवशी होम मैदानावर होम. कुंभारकन्या अग्नीत गेली, त्याची खूण म्हणून पेंढीला शालू नेसवतात, सौभाग्यलेणी घालतात आणि अग्नी देतात. मी सहासात वर्षांचा असेन. ती पेंढी नवरीसारखी उभी होती आणि बाजूला कोणीतरी भेळ खात होतं. त्या रात्री मला झोप आली नाही.

खूप वर्षांनी लक्षात आलं की आग असूनही ती गोष्ट काळी नाही. दुःखाची आहे. कारण तिथे तिसरं माणूस नाही. तिच्या वाटेत होता तो शिव, आणि देवाचा कसला मत्सर करणार? शिवाय सिद्धरामेश्वरांनी तिला फसवलं नाही. जे देता येणार नव्हतं ते आधीच सांगितलं. काळी कथा सुरू व्हायला वाटेत शेजारीण लागते.

इथे आपल्या भाषेची एक गंमत आहे. दुसऱ्याकडे आहे ते मला हवं, हा हेवा. माझ्याकडे आहे ते दुसरा नेईल, ही भीती वेगळी. बोलताना आपण दोन्हींना मत्सर म्हणून मोकळे होतो, नाहीतर सरळ 'जळते मेली' म्हणतो. स्पर्धेतल्या कथांचा गोंधळ इथेच झाला होता. बायको सवतीच्या साडीवर जळतेय की नवरा जाईल म्हणून घाबरलीय, हे लिहिणाऱ्यालाच कळलेलं नव्हतं. दोन्ही असू शकतं. पण कुठल्या पानावर काय, ते ठरवावं लागतं.

नुसती टीका करून खाली बसणं बरं दिसत नाही, म्हणून मीही एक कथा लिहिली. स्पर्धेबाहेर. ती सोलापूरच्या पूर्व भागातली. घरोघरी तेलुगू, रस्त्यावर मराठी, बाजारात कन्नडही, आणि दिवसभर यंत्रमागांचा खडखडाट. अंबू आणि नरसम्मा या लहानपणापासूनच्या मैत्रिणी, समोरासमोर राहणाऱ्या. दोघी विड्या वळतात. सकाळी पानं भिजवायची, पत्र्याचा साचा ठेवून कात्रीनं कापायची, मग मांडीवर सूप. चिमूटभर तंबाखू, गुंडाळी, तोंड दुमडलं, दोरा. बोलणं चालू, हात चालू. मजुरी हजारावर, त्यामुळे रडायचं असलं तरी हात थांबवून रडता येत नाही.

अंबूचा नवरा मागावर टॉवेल विणतो. मागावर नक्षी पाडणाऱ्या जकार्ड यंत्राच्या पुठ्ठ्याच्या पत्त्यांना जशी भोकं, तशी नक्षी उठते. त्याच्या एका पत्त्यात एक भोक पडायचं राहिलं आणि मोराचा एक डोळा उठलाच नाही. मालकानं तो माल बाजूला काढला. नवऱ्यानं त्यातला एक टॉवेल घरी आणला आणि अंबूला म्हणाला, हा मोर फक्त तुझ्याकडे बघतो, दुसरीकडे बघायला त्याला डोळाच नाही. गरिबाघरचा प्रेमाचा संवाद. माझ्या बायकोला तो फार आवडला, मला त्याची जरा भीतीच वाटली.

आणि मग एका दुपारी नरसम्माच्या दोरीवर तोच मोर वाळत असतो. एका डोळ्याचा.

अंबू काही बोलत नाही. दुसऱ्या दिवशी नेहमीसारखी शेजारी जाऊन बसते. नरसम्मा पाणी प्यायला उठली की तिच्या सुपातल्या दोनचार विड्यांचा दोरा सैल करते. रोज दोनचार, जास्त नाही. कारखान्यात तपासणारा विड्या बाजूला टाकायला लागतो. नरसम्माला आधी वाटतं पान खराब आलं. मग वाटतं आपले डोळे गेले. शेवटी ती अंबूलाच म्हणते, "बघ गं, माझ्या हाताला काय झालंय?" आणि अंबू तिचा हात हातात घेऊन तेल चोळते. मनापासून चोळते. हे लिहिताना मला सगळ्यात जास्त वेळ लागला, कारण ते प्रेम खोटं आहे असं मला कुठेच म्हणायचं नव्हतं.

टॉवेल तिथे गेला कसा? नरसम्माच्या नातवाच्या बारशाला अंबूच्या सुनेनं तो बाळाला गुंडाळायला दिला होता. हे अंबूला कळतं तेव्हा नरसम्माचं काम सुटलेलं असतं. अंबू तेही तिला सांगत नाही.

जाणकारांच्या लक्षात आलं असेल की टॉवेल म्हणजे शेक्सपिअरच्या 'ऑथेल्लो'तला, बायकोवर संशय आणणारा रुमालच. १८९० साली देवलांनी त्या नाटकाचा 'झुंझारराव' केला, तेव्हा उसनवारीची परंपरा आपल्याकडे जुनीच आहे. मी फक्त त्यातल्या यागोला, ऑथेल्लोचे कान भरणाऱ्याला, काढून टाकलं. कान फुंकणारा असला की वाचकाला राग काढायला जागा मिळते. अंबूचे कान कोणीही फुंकले नाहीत.

कथा पूर्ण झाल्यावर मी सोलापूरला आमच्या जुन्या शेजारणीला, अक्काला, फोनवर वाचून दाखवली. तिनं चाळीस वर्षं विड्या वळल्यात. मला वाटलं डोळ्यांना पाणी येईल. शांतपणे ऐकलं तिनं. मग म्हणाली, "सगळं बरोबर हाय, दोऱ्याचं चुकलंय बघ. सैल दोरा हातात घेतला की लगेच कळतंय. पानाला कडेनं नख लावायचं. घरात दिसत नाही, वाळल्यावर फाटतंय."

मी विचारलं, "अक्का, तुला कसं माहीत?"

पलीकडे थोडा वेळ नुसता मागाचा आवाज येत राहिला. मग ती म्हणाली, "भाकरी तव्यावर हाय रे," आणि फोन ठेवला.